शेततळ्यात पाणी किती मावते? टोक कापलेल्या पिरॅमिडचे घनफळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि घरी शेती आहे. त्यामुळे एकच प्रश्न माझ्याकडे दोन वाटांनी येतो. दहावीची मुले शंकुछेदाचे सूत्र घेऊन येतात, तर शेतकरी शेततळ्याची मापे घेऊन येतात. दोघांच्या हातात आकार एकच असतो: टोक कापलेला पिरॅमिड. पुस्तकात तो सुलटा असतो, शेतात उलटा.

पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. उदाहरण शक्यतो एकच धरले आहे: काठावर ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१. २०१६ साली राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली तेव्हापासून हे माप गावोगावी तोंडपाठ आहे. वेगळे सांगितले नसेल तिथे हेच तळे समजावे.

१. टोक कापलेला पिरॅमिड म्हणजे नक्की कोणता आकार? शेततळ्याशी त्याचा काय संबंध?

पिरॅमिडला आपल्या पाठ्यपुस्तकात सूची म्हणतात. तळ चौकोनी असेल तर चौकोनी सूची. तिच्या तळाला समांतर असा आडवा काप घेऊन वरचे टोक काढून टाकले की खाली जो भाग उरतो, तो आपला आकार. शंकूचे टोक कापले की शंकुछेद म्हणतात, त्याच चालीवर इथे मी सूचीछेद म्हणतो. हा सूचीछेद उलटा करून जमिनीत रोवला आणि काढून घेतला, तर मागे उरणारा खड्डा म्हणजे शेततळे. वर मोठा चौरस, तळाला लहान चौरस आणि चारही बाजू आत झुकलेल्या.

२. ३० × ३० × ३ म्हणजे २७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. बरोबर ना?

नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सर्वांत महागात पडणारी चूकही हीच.

३० × ३० हे काठावरचे माप आहे. तळ २४ × २४ इतकाच असतो (का, ते प्रश्न ४ मध्ये). लांबी, रुंदी आणि खोलीचा सरळ गुणाकार उभ्या भिंतींच्या हौदाला लागू पडतो, कारण त्यात वर जेवढी जागा तेवढीच खाली असते. आपल्या तळ्यात खरे घनफळ २१९६ घनमीटर, म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर. पाच लाख लिटर कागदावरच राहतात.

आमच्या घरच्या तळ्याचा हिशोब वडिलांनी असाच २७ लाखांचा धरला होता आणि त्यावर डाळिंबाची नवी लागण केली होती. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी महिनाभर आधी संपले. गळती असेल म्हणून आम्ही तळ्याच्या अस्तराचा प्लास्टिक कागद तपासला, त्याचे जोड तपासले. काहीच फाटलेले नव्हते. ते पाणी तळ्यात मुळात कधी मावलेच नव्हते. हे पान लिहावेसे वाटले ते त्या उन्हाळ्यामुळे.

तळे लहान असेल तर तूट आणखी टोचते. १५ × १५ × ३ चा सरळ गुणाकार ६७५ येतो, खरे घनफळ ४४१ आहे. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी हिशोबातच जाते.

३. मग खरे सूत्र काय?

वर आणि खाली दोन्हीकडे चौरस असेल तर:

घनफळ = (खोली ÷ ३) × (वरच्या बाजूचा वर्ग + दोन्ही बाजूंचा गुणाकार + तळाच्या बाजूचा वर्ग)

आपल्या तळ्यासाठी ३० चा वर्ग ९००, ३० × २४ = ७२०, २४ चा वर्ग ५७६. बेरीज २१९६. खोली ३, तिला ३ ने भागून १. म्हणून घनफळ २१९६ घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर. जलसंधारणाच्या कागदांवर टीसीएम लिहिलेले असते, ते हजार घनमीटर. म्हणजे हे तळे २.१९६ टीसीएमचे.

इतर मापेही याच सूत्राने पडताळता येतील. ३ मीटर खोली आणि १:१ उतार कायम ठेवून २० × २० चे ८७६, २५ × २५ चे १४६१ घनमीटर येते.

तळे आयताकृती असेल तर हे सूत्र वापरू नका, प्रश्न ८ वाचा.

४. तळाचे माप कुणी सांगितलेच नाही. ते कसे काढायचे?

उतारावरून. १:१ उतार म्हणजे एक मीटर खाली जाताना बाजू एक मीटर आत सरकते. ३ मीटर खोलीला ३ मीटर आत. दोन्ही बाजूंनी आत येते म्हणून दुप्पट, ६ मीटर. ३० वजा ६ म्हणजे २४. ही दुप्पट करायची राहून जाते आणि तळ २७ चा धरला जातो. तेवढे सांभाळा.

उतार १.५:१ असेल (आडवे दीड, उभे एक), तर ९ मीटर वजा होतात, तळ २१ मीटर आणि घनफळ १९७१. २:१ असेल तर तळ १८ आणि घनफळ १७६४. काळ्या मातीत १:१ ची बाजू पावसात ढासळते, तिथे उतार निवांतच ठेवावा लागतो. मुरमाड जमिनीतल्या शेजाऱ्याच्या तळ्याएवढे पाणी काळ्या रानातल्या तळ्यात मावत नाही, वरचे माप अगदी सारखे असले तरी.

वजाबाकी शून्य आली तर ती टोकदार सूची झाली. ऋण आली तर तेवढे खोल खोदताच येणार नाही. काठावर ५ × ५ आणि उतार १:१ असेल, तर अडीच मीटरवरच चारही बाजू एकमेकींना भेटतात.

५. वरचे आणि तळाचे क्षेत्रफळ मिळवून दोनाने भागायचे आणि खोलीने गुणायचे. आमच्याकडे बिल असेच काढतात. चुकते का?

चुकते, आणि नेहमी जास्तीच्या बाजूला. आपल्या तळ्यात ९०० आणि ५७६ ची सरासरी ७३८, गुणिले ३ म्हणजे २२१४. खऱ्यापेक्षा १८ घनमीटर जास्त. उतार आणि खोली तीच असेल तर ही १८ ची वाढ तळे मोठे असो की लहान, तेवढीच राहते. ३० च्या तळ्यात ती एक टक्काही नाही, १५ च्या तळ्यात मात्र चार टक्क्यांवर जाते. खड्डा थेट टोकापर्यंत निमुळता असेल तर चूक भलतीच वाढते. वर ६ × ६, तळ शून्य, खोली ३. खरे घनफळ ३६, सरासरीने ५४.

काही जण क्षेत्रफळांऐवजी बाजूंची सरासरी घेतात: ३० आणि २४ ची सरासरी २७, २७ × २७ × ३ = २१८७. हे उत्तर ९ ने कमी येते. एका पद्धतीत १८ जास्त, दुसरीत ९ कमी. नेमके दुप्पट, आणि हा योगायोग नाही. कोणताही सूचीछेद घेतला तरी हेच प्रमाण येते. म्हणून दोन्ही कच्च्या उत्तरांतून पक्के उत्तर काढता येते. त्यांच्यातला फरक २७, त्याचा तिसरा हिस्सा ९, तो लहान उत्तरात मिळवा: २१९६.

ही युक्ती ब्रह्मगुप्ताची आहे. इ. स. ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात त्याने खड्ड्याच्या मापाची तीन उत्तरे सांगितली आहेत: व्यावहारिक, औत्र आणि सूक्ष्म. बाजूंची सरासरी घेऊन येते ते व्यावहारिक, क्षेत्रफळांची घेऊन येते ते औत्र, आणि दोन्ही जोडून येते ते सूक्ष्म. चालू कामाचा अंदाज आणि पक्का हिशोब यांतला फरक त्याने किती नेमका ओळखला होता, हे पाहून मला दर वेळी आनंद होतो.

६. सूत्रातला तिसरा हिस्सा येतो कुठून? पाठ करायचे नाही, समजून घ्यायचे आहे.

मला हा प्रश्न सर्वांत आवडतो. तळ्याचे मनातल्या मनात तुकडे करा.

तळाच्या चारही कडांवरून सरळ वर उभे काप घ्या. मधोमध उभ्या भिंतींचा डबा निघतो: २४ × २४ × ३ = १७२८ घनमीटर. चारही बाजूंना एकेक पाचर राहते. तिचे तोंड काटकोन त्रिकोणाचे, ३ मीटर आडवे आणि ३ मीटर उभे, लांबी २४ मीटर. एका पाचरीचे घनफळ ३ × ३ ÷ २ × २४ = १०८, चारींचे ४३२. आणि चार कोपऱ्यांत चार छोट्या सूची उरतात: वर ३ × ३ चा चौरस, खाली टोक. एकीचे घनफळ २७ ÷ ३ = ९, चारींचे ३६.

१७२८ + ४३२ + ३६ = २१९६.

म्हणजे डबा पूर्ण, पाचर निम्मी आणि कोपरा तिसरा हिस्सा. पाचर निम्मी का, ते दिसतेच. घन तिरका कापला की दोन सारख्या पाचरी होतात. कोपऱ्याची सूची तिसरा हिस्साच का, यासाठी घनाचा एक कोपरा पकडा. त्या कोपऱ्याला न लागणारी घनाची तीन पृष्ठे आहेत. प्रत्येक पृष्ठ तळ आणि तो कोपरा टोक मानून तीन सूची बनतात. तिन्ही हुबेहूब सारख्या, आणि तिघी मिळून घन पूर्ण भरतात. वर्गात मी हे पुठ्ठ्याच्या तीन सूचींनी दाखवतो. तिन्ही जुळून घन बनला की मुले तो पुन्हा उलगडून पाहतात. घरी करायचे असेल तर बटाट्याचा चौकोनी तुकडा आणि धारदार सुरी पुरते.

७. सूत्र विसरलो तर दुसरा मार्ग आहे का?

आहे. गेलेले टोक परत लावा. पूर्ण सूचीच्या घनफळातून टोकाचे घनफळ वजा करा. सूचीचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ × उंची ÷ ३, एवढेच लक्षात ठेवावे लागते.

आपल्या तळ्याच्या बाजू १:१ ने खाली वाढवल्या तर काठापासून १५ मीटर खोल एका बिंदूत भेटतात. पूर्ण सूची: ९०० × १५ ÷ ३ = ४५००. तळाखालचे, न खोदलेले टोक: ५७६ × १२ ÷ ३ = २३०४. वजाबाकी २१९६.

यातून घनाचा नियमही दिसतो. निम्म्या उंचीवर टोक कापले तर घनफळाचा फक्त आठवा हिस्सा जातो, कारण अर्ध्याचा घन एक अष्टमांश. गिझाचा मोठा पिरॅमिड मुळात सुमारे १४६.६ मीटर उंच होता, आज तो जवळपास आठ मीटर कमी आहे. बाजू सुमारे २३०.३ मीटर धरली तर मूळ घनफळ २५ लाख ९० हजार घनमीटरच्या आसपास येते आणि गेलेल्या टोकाचे घनफळ जेमतेम सव्वाचारशे घनमीटर भरते. आठ मीटर उंची गेली तरी दहा हजारात दोन भागसुद्धा दगड गेला नाही.

८. आमचे तळे आयताकृती आहे, ३० × २०. शिक्षकांनी दिलेले वर्गमूळवाले सूत्र चालेल का?

ते सूत्र असे: (खोली ÷ ३) × (वरचे क्षेत्रफळ + तळाचे क्षेत्रफळ + त्या दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ). हे खऱ्या सूचीछेदाला तंतोतंत लागू आहे, मग तळ त्रिकोणी असो, षट्कोनी असो की गोल. पण अट एक आहे: वरचा आणि तळाचा आकार समरूप हवा, म्हणजे तीच प्रमाणे, फक्त लहान.

तुमच्या तळ्यात ही अट मोडते. चारही बाजूंना १:१ उतार दिला की तळ २४ × १४ होतो. वर लांबी रुंदीच्या दीडपट, तळाला जवळजवळ पावणेदोनपट. या बाजू खाली वाढवल्या तर एका बिंदूत भेटत नाहीत, एका रेषेत भेटतात. चार पाखांच्या कौलारू घराचे छप्पर डोळ्यांसमोर आणा. वर टोक नसते, आढे असते. आयताकृती शेततळे म्हणजे आढ्याखाली आडवे कापलेले, उलटे ठेवलेले छप्पर. ते सूचीछेद नाहीच.

त्यासाठी हे सूत्र वापरा:

घनफळ = (खोली ÷ ६) × (वरचे क्षेत्रफळ + ४ × मधले क्षेत्रफळ + तळाचे क्षेत्रफळ)

मधले क्षेत्रफळ म्हणजे निम्म्या खोलीवरचे. लांबी २७, रुंदी १७, म्हणून ४५९. वरचे ६००, तळाचे ३३६. बेरीज ६०० + १८३६ + ३३६ = २७७२. खोली ३ ÷ ६, म्हणजे निम्मे: १३८६ घनमीटर.

वर्गमूळवाल्या सूत्राने १३८५ येते. एका घनमीटरचा फरक, म्हणून ‘चालतेच की’ असे उत्तर मला बऱ्याचदा मिळते. पण तळे लांबट करून पाहा: वर ४० × १०, तळ ३४ × ४. मधल्या छेदाने ७८६, वर्गमूळाने सुमारे ७६९. आता फरक १७ घनमीटर झाला, दहा हजार लिटरच्या पावणेदोन टँकरांइतका. नाल्याकडेला किंवा बांधालगत चिंचोळी तळी खोदतात तिथे हा फरक हमखास दिसेल.

मी स्वतः चौरस तळ्यालाही मधल्या छेदाचेच सूत्र वापरतो. तिथेही ते अचूक आहे (९०० + ४ × ७२९ + ५७६ = ४३९२, त्याचे निम्मे २१९६), आणि कुठले सूत्र कुठे हा विचारच करावा लागत नाही.

९. मधले क्षेत्रफळ चार वेळाच का? आणि हे सूत्र आले कुठून?

प्रश्न ६ मधले तीन तुकडे परत घ्या आणि प्रत्येकाला हे सूत्र लावून पाहा. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या तोंडाचे क्षेत्रफळ १ धरा.

डबा: वर १, मध्ये १, खाली १. १ + ४ + १ = ६, सहाने भागून १. पूर्ण. बरोबर.
पाचर: वर १, मध्ये निम्मे, खाली शून्य. १ + २ + ० = ३, सहाने भागून निम्मे. बरोबर.
कोपरा: वर १, मध्ये पाव, खाली शून्य. १ + १ + ० = २, सहाने भागून तिसरा हिस्सा. बरोबर.

सपाट बाजूंचे कोणतेही चौकोनी तळे या तीन तुकड्यांचेच बनते. तिघांनाही सूत्र लागू पडते, म्हणून तळ्यालाही पडते. चारऐवजी तीन किंवा पाच घेऊन पाहा, तिघांचे एकदम जमणार नाही.

सूत्र जुने आहे आणि आपल्या मातीशी त्याचे नाते आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त खातव्यवहार, म्हणजे खोदकामाचे गणित, असे प्रकरण आहे. त्यातला नियम असा: मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्हीकडच्या लांब्यांची बेरीज गुणिले रुंद्यांची बेरीज, या तिन्ही मिळवा, सहाने भागा, खोलीने गुणा. लांब्यांची बेरीज म्हणजे मधल्या लांबीची दुप्पट, रुंद्यांचेही तसेच, म्हणून तो गुणाकार मधल्या क्षेत्रफळाच्या चौपट. निम्मे करण्याची पायरीच त्यांनी गाळली. त्यांचे उदाहरण एका वापीचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचे आहे. मुख १० × १२ हात, तळ त्याच्या निम्म्या मापांचा, खोली ७ हात. १२० + ३० + (१५ × १८ = २७०) = ४२०, सहाने भागून ७०, सातने गुणून ४९० घनहस्त.

चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. खानदेशातला कुणी शेततळ्याचे माप विचारतो तेव्हा मी हे आवर्जून सांगतो.

चौरस सूचीछेदाचे गणित याहूनही पुरातन आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १८५० च्या, आता मॉस्कोत असलेल्या इजिप्शियन पपायरसवर खालची बाजू ४, वरची २, उंची ६ असे उदाहरण सोडवले आहे: १६ + ८ + ४ = २८, उंचीचा तिसरा हिस्सा २, उत्तर ५६. प्रश्न ३ मधले सूत्र जसेच्या तसे.

१०. टेप उतारावरून सोडून खोली मोजली, ४.२४ मीटर भरली. तीच घालायची ना?

नाही. ती तिरकस उंची आहे. सूत्रात लंब उंची हवी, ओळंबा सोडल्यावर मिळते ती. ४.२४ घातले तर उत्तर ३१०० च्या वर जाते, खऱ्यापेक्षा चाळीस टक्के जास्त. खोदाईचे बिल असे निघाले तर नुकसान किती, ते तुम्हीच पाहा.

टेपचे माप वाया मात्र जात नाही. पायथागोरसने दुरुस्त करा. बाजू आत किती सरकली ते काढा: (३० − २४) ÷ २ = ३. तिरकस उंचीचा वर्ग १८, वजा ९, उरले ९, वर्गमूळ ३. हीच खोली. टेप बाजूच्या मधोमध, कडेला काटकोनात सोडा. कोपऱ्यावरून सोडला तर तो ५.२० मीटर भरेल आणि हा हिशोब बिघडेल.

११. तळे अर्ध्या खोलीपर्यंत भरले म्हणजे अर्धे पाणी आले?

नाही, त्याहून कमी. दीड मीटरवर पाण्याची बाजू २७ मीटर असते. (१.५ ÷ ३) × (७२९ + ६४८ + ५७६) = ९७६.५ घनमीटर, म्हणजे ४४ ते ४५ टक्के. निम्मे पाणी व्हायला पातळी सुमारे १.६६ मीटरवर यावी लागते.

उलट, वरचा अर्धा मीटर फार मोलाचा असतो. अडीच मीटरपर्यंत भरलेल्या तळ्यात सुमारे १७६१ घनमीटर पाणी असते, म्हणजे उरलेल्या अर्ध्या मीटरात ४३५. काठाखाली सांडव्यासाठी मोकळी जागा सोडायलाच हवी. पण तेवढे पाणी हिशोबातून आधीच वजा करून मग पिकाचे नियोजन करा.

१२. दहावीच्या पुस्तकातला शंकुछेद आणि हे, दोन्ही वेगळी सूत्रे आहेत का?

एकच. चौरसाच्या बाजूंच्या जागी त्रिज्या घाला आणि पायने (π, सुमारे ३.१४) गुणा. बादली घेऊ: वर व्यास ३० सेंमी, तळाला २०, उंची ३०. त्रिज्या १५ आणि १०. (३० ÷ ३) × (२२५ + १५० + १००) = ४७५०, गुणिले ३.१४ म्हणजे सुमारे १४,९०० घनसेंमी, जवळपास १५ लिटर. व्यासच त्रिज्येच्या जागी घातला तर उत्तर चौपट येते. तपासलेल्या उत्तरपत्रिकांत मला सर्वाधिक दिसलेली चूक हीच.

१३. खोदाईचा मुरूम किती ब्रास निघेल?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. २१९६ ला २.८३ ने भागले की सुमारे ७७५ ब्रास येतात. हे जमिनीतले, घट्ट माप. खोदल्यावर माती सुटी होऊन फुगते. साधी माती साधारण पाव पट, फोडलेला कातळ त्याहून बराच जास्त. त्यामुळे ट्रॉल्या मोजून आलेले ब्रास आणि खड्डा मोजून आलेले ब्रास कधीच जुळणार नाहीत. दर कोणत्या मापावर आहे, ते काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या.

१४. अस्तराचा कागद किती लागेल?

इथे तिरकस उंचीच हवी (प्रश्न १०). तळ ५७६ चौमी, एक बाजू समलंब चौकोन: (३० + २४) ÷ २ × ४.२४ = ११४.५, चारींचे ४५८. एकूण सुमारे १०३४ चौमी. मात्र कागद सपाट चौरस येतो आणि काठावरच्या चरात दाबावा लागतो. दोन्ही बाजूंना एकेक मीटर चरासाठी धरला तर आडवे माप २४ + ८.४८ + २ = ३४.४८ मीटर होते, म्हणजे कागद सुमारे ११९० चौमी. कोपऱ्यांत घड्या पडतात, त्या कापू नका.

१५. मध्ये पायरी ठेवली आहे, कोपरे गोल झालेत, एक बाजू उभी भिंत आहे. आता?

पायरी असेल तर तळे दोन समजा: पायरीच्या वरचे एक, खालचे एक. दोन्हींचे वेगळे घनफळ काढून मिळवा. पूर्ण खोलीला एकच मधला छेद लावला तर उत्तर साफ चुकते, कारण पायरीवर माप एकदम उडी घेते.

पोकलेनने खोदताना कोपरे गोल होतात. कोपऱ्याच्या सूचीऐवजी पाव शंकू झाला असे धरा: चारी मिळून ३६ ऐवजी सुमारे २८ घनमीटर. आठ घनमीटर कमी. तळे मोठे असेल तर सोडून द्या.

एक बाजू उभी असेल तर प्रश्न ८ चे सूत्र निर्धास्त वापरा. तळ २७ × २४, मधला छेद २८.५ × २७. (९०० + ३०७८ + ६४८) ÷ २ = २३१३ घनमीटर. सूची कुठल्या बाजूला कलली आहे याला महत्त्व नाही, प्रत्येक पातळीवर क्षेत्रफळ किती आहे याला आहे.

१६. जमीन उताराची आहे, एक काठ दुसऱ्यापेक्षा खाली आहे.

मग दोन वेगळी उत्तरे आहेत. पाणी सपाट राहते, म्हणून साठा सर्वांत खालच्या काठापर्यंतच मोजा. सूत्रे तिथे तशीच लागू. खोदाई मात्र त्याच्या वरचीही असते. ३० मीटरमध्ये ६० सेंमी उतार असेल, तर वरच्या पाचरीचीच माती ३० × ३० × ०.६ ÷ २ = २७० घनमीटर, आणि बाजू बाहेर पसरते त्यामुळे थोडी जास्तच. एवढी माती निघते, पण तिच्या जागी पाणी राहत नाही. खालच्या काठाला भराव घालून तो उंच केला तर राहील.

१७. तळे जुने आहे, तळ पाण्याखाली, खोदतानाची मापे कुणाकडे नाहीत. घनफळ कसे काढू?

पाणी काठोकाठ असताना लांबी, रुंदी मोजा. दोरीला दगड बांधून मधोमध खोली घ्या, चार ठिकाणी घेऊन सरासरी काढा. गाळ असेल तर दगड गाळावर टेकतो आणि तेच बरोबर आहे, पाणी गाळाच्या वरच मावते. तळाचे माप बाजूच्या उतारावरून काढता येईल (प्रश्न ४), पण जुन्या तळ्याच्या बाजू कुठे ढासळलेल्या, कुठे पोट काढलेल्या असतात. त्यापेक्षा थोडी वाट पाहा. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी निम्म्या खोलीवर उतरेल. त्या दिवशी टेप घेऊन जा आणि पाण्याच्या कडेने लांबी-रुंदी मोजा. हा तुमचा मधला छेद, पाण्याने स्वतः आखून दिलेला. चारने गुणायचे माप हेच आहे, म्हणून ते दोनदा मोजा. तळ उघडा पडला की तिसरे माप घ्या आणि प्रश्न ८ चे सूत्र लावा.